गाठोडं घरीच लहान बांधावं

बाबा, शाळेतल्या सर्व्हरची डिस्क गेली, असं मी बुधवारी तिला सांगितलं. डिस्क गेलेली नाही. ती इथं माझ्या टेबलावर आहे, केबल लावून लॅपटॉपला जोडलेली, आणि तिच्यावरची प्रत्येक फाइल उघडते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला फारसं वाटलं नव्हतं. आज वाटतंय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि आईला सांगितलं तर ती नुसतं माझ्याकडे बघत राहील.

ती म्हणजे तुमची ती विद्यार्थिनी. आता ती त्याच शाळेत शिकवते, तुमचाच संगणक कक्ष सांभाळते. संगमेश्वरच्या पुढं आत वळून जावं लागतं त्या गावात अजून मोबाइलला धड रेंज नाही, हे तुम्हाला ऐकून नवल वाटणार नाही. मी पुण्याच्या एका कंपनीचं नेटवर्कचं काम रत्नागिरीत घरी बसून करते. सोमवारी तिचा फोन आला. "ताई, सरांचा सर्व्हर बंद पडला हो. दोनदा पंखा बदलला, एकदा रॅम बदलली, आतापर्यंत ओढत आणला. आता चालूच होत नाही." अकरावीच्या ऑनलाइन अर्जांची मुदत शनिवारी संपत होती. वाड्यावाड्यांतली चाळीसेक मुलं शाळेत येऊन अर्ज भरणार होती, आणि शाळेचं इंटरनेट बंद म्हणजे प्रत्येकानं आईबापाचा रोज बुडवून संगमेश्वरला जायचं, तिथं रांगेत उभं राहायचं. मी म्हटलं, "उद्या येते." मग ती म्हणाली, "मला अहो-जाहो नका करू हो, ताई." म्हणजे मी केलं होतं. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. तरीही मी पुढं तिला तुम्हीच म्हणत राहिले. अंतर राखायला तेवढं एक साधन पुरतं.

तुमची मांडणी जशीच्या तशी होती. बाहेरून शाळेला एक जोडणी, तिला बाहेरच्या जगात एकच पत्ता. आत पंधरा संगणक, त्यांचे पत्ते फक्त आतल्या आत चालणारे, बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. आणि मध्ये एक जुनं यंत्र, दोन नेटवर्क कार्डांचं, एक तोंड आत, एक बाहेर. आतल्या कुणीही काही मागितलं की ते यंत्र स्वतःच्या पत्त्यानं ते बाहेर मागतं, कुणी मागितलं होतं ते लिहून ठेवतं, आणि उत्तर आलं की लिहिलेलं पाहून ज्याचं त्याला देतं. मी हे काम रोज करते. माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांना हे समजावताना मी फळ्यावर चौकोन आणि बाण काढते. तुम्ही चौकोन काढले नव्हते. तुम्ही खोली सांगितली होती.

ते स्वयंपाकघर मला आत्ताही दिसतं. आई भाकऱ्या भाजतेय. मी पाटावर बसलेय, मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक, बारावीचं वर्ष. तुम्ही ताटावर बसता आणि विचारता, "अगं, एक सांग. आजोबा मुंबईत गावकीच्या खोलीत राहायचे. खोलीत तीस माणसं, पत्ता एक. समज, पत्रावर आतल्या कुणाचंच नाव घालायची सोय नाही, फक्त खोलीचा पत्ता. तर आलेलं उत्तर बरोबर माणसाला कसं मिळेल?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "नाव लिहायचं पाकिटावर." "नाव लिहायचं नाही म्हटलं ना." "मग असल्या खोलीत राहायचंच कशाला?" आई हसते. तुम्ही हसत नाही. "बरं," म्हणता, आणि आमटी ओढून घेता. एवढंच. रागावला नाहीत, समजावलं नाहीत. पुन्हा विचारलंही नाहीत.

चार दिवसांनी त्याच जागी बसून तुम्ही आईला सांगत होता, की हेच कोडं वर्गात घातलं आणि दहावीतल्या एका मुलीनं एका दमात उत्तर दिलं. वही ठेवायची, सर. पत्र टाकायला देतानाच कोणी टाकलं, कुणाला टाकलं ते लिहायचं. उत्तर आलं की वही बघायची. तिचे वडील तेव्हा तसल्याच खोलीत राहत होते आणि तिथला एक म्हातारा खरोखर अशी वही ठेवत असे. "बघ, माहीत असलेली गोष्ट वापरायची कशी हे तिला कळतं," तुम्ही म्हणालात आणि दुसरी भाकरी घेतलीत. तुम्ही रात्री दुसरी भाकरी घेत नसायचात. मी ते मोजलं होतं. आजोबा माझे होते, बाबा. खोली माझ्या घरातली होती. उत्तर तिचं झालं.

मग एका शनिवारी तुम्ही चष्मा घरी विसरलात म्हणून आईनं मला शाळेत पाठवलं. मी कक्षाच्या दारात येते तर दारात तीच उभी, हातात हजेरीचं जुनं रजिस्टर. आत मुलं बाकांवर बसून चिठ्ठ्या लिहितायत, तिच्याकडे आणून देतायत. ती चिठ्ठीवरचं मुलाचं नाव कापते, वर शाळेचं नाव घालते, रजिस्टरात नोंद करते आणि चिठ्ठी बाहेर व्हरांड्यात तुमच्याकडे सोडते. तुम्ही म्हणजे बाहेरचं जग. तुम्ही उत्तर लिहून परत पाठवता. मध्येच तुम्ही कुणीही न मागितलेली एक चिठ्ठी आत सरकवलीत. ती रजिस्टर चाळते आणि म्हणते, "ही आमच्यात कुणी मागितलेली नाही. परत न्या." "अगं पण मी जग आहे," तुम्ही म्हणता. "जग असा नायतर कलेक्टर असा, वहीत नाव नाही." सगळी पोरं हसली, आणि तुम्ही हसलात, भिंतीला हात टेकून, डोळे पुसत. मी तुम्हाला घरी असं हसताना पाहिलेलं नव्हतं. चष्मा मी शिपाईमामांकडे दिला आणि पुढची गाडी पकडली. कीबोर्डला हात लावण्याआधी चिठ्ठ्यांचा तो खेळ पूर्ण बरोबर यायला हवा, ही तुमची अट होती म्हणे. मला तुम्ही कुठलीच अट घातली नाहीत. मला तुम्ही कोचिंग क्लास लावून दिलात.

फोनचा प्रसंग तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही, कारण तुम्ही मला तेवढं एकदाच बोललात. तुमचा मोबाइल चार्जिंगला होता, तुम्ही मागच्या पडवीत सायकल दुरुस्त करत होता. मी फोन उचलला. "सर आहेत?" मी म्हटलं, "झोपलेत." संध्याकाळी तुम्हाला कळलं, कसं ते मला माहीत नाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "त्यांच्या गावात रेंज नाही," तुम्ही म्हणालात. "ती सड्यावर चढून गेली होती. दुपारी. त्या कातळावर उन्हात उभी राहून तिनं फोन केला आणि तू सांगितलंस झोपलेत." मी म्हटलं, "एवढं काय अडलं होतं तिचं?" तुम्ही म्हणालात, "तिचं नाही. माझं अडलं होतं." मग तुम्ही सायकलच्या तेलाचे हात धुवायला गेलात. तुमचं काय अडलं होतं ते मी विचारलं नाही. ते मला या गुरुवारी कळलं.

त्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर तुम्ही मला घड्याळ दिलंत. चांगलं होतं. तिला तुम्ही तुमचं क्रिम्पिंग टूल दिलंत, केबलच्या टोकाला जोड बसवायचं, ज्याच्या मुठीला तुमची तांबडी टेप गुंडाळलेली आहे. ते अजून तिच्याकडे आहे. मंगळवारी नवी केबल करताना तिनं ते सहज माझ्या हातात दिलं, "घ्या ताई, हे बरं बसतं हाताला." तिच्या हाताला बसतं. मला ते मोठं झालं. आणि तुमच्या तेराव्याला ती आईच्या गळ्यात पडून रडली तेव्हा मुंबईहून आलेल्या कुणा आत्याबाईंनी तिला विचारलं, "तू थोरली का गो?" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. मला तेव्हा रडू आलं नव्हतं. लोकांचा हिशेब चुकला नाही, जी रडते ती मुलगी.

मंगळवारी मी जुनं यंत्र उघडलं. वीजपुरवठ्याचा भाग जळला होता, बाकी ठीक दिसत होतं. ती माझ्या खांद्याशी उभी होती. म्हणाली, "यंत्र जाऊ दे ताई. पण यात सरांनी बरंच लिहिलेलं आहे. नियमांच्या फाइलीत, मधे मधे. तेवढं निघालं तर मला हवंय. माझ्याकडे त्यांचं दुसरं काही लिहिलेलं नाही." मी डिस्क काढून पिशवीत टाकली, "बघते" म्हटलं. शिपाईमामा, तेच, आता निवृत्तीला आलेले, चहा घेऊन आले आणि म्हणाले, "सरांचीच पोर ना गो तू? नाकावरनं वळखलं. आता तरी चालंल काय आमचं नेट, की पोरांस्नी संगमेसरास पाठवू?" मी म्हटलं, "चालेल." मी येताना बरोबर आणलेल्या नव्या यंत्रावर मूळ मांडणी करायला मला दोन तास लागले.

घरी येऊन डिस्क जोडली. नियमांची फाइल एकच. तुम्ही प्रत्येक नियमाच्या वर # लावून मराठीत कमेंट लिहिली आहे. ती ओळ यंत्र वाचत नाही, माणसानं वाचायची असते. शाळेच्या पडद्यावर देवनागरीचे नुसते चौकोन दिसत असणार, तरी तुम्ही लिहीत गेलात. "वही बंद करू नये. वही बंद तर शाळा बंद." "बाहेरून आपणहून आलेलं काही आत घेऊ नये, कलेक्टर असला तरी." आणि तिचं नाव. हे तिनं तपासलं. हे तिला विचारून बदललं. मी शोधाची आज्ञा दिली, तिचं नाव अकरा ओळींत निघालं. मग माझं शोधलं. शून्य. शुद्धलेखनात फरक असेल म्हणून घरातलं हाकेचं नाव शोधलं. शून्य. मग "मुलगी" शोधलं. काही नाही. "मुलीं" एवढंच शोधलं तेव्हा एक ओळ आली, "मुलींच्या खोलीतला संगणक, पत्ता अकरावा." मी थोडं हसले, खरंच. आणि मग ती ओळ दिसली: "गाठोडं घरीच लहान बांधावं. हे तिनं सांगितलं. मला सुचलं नव्हतं." तिथं "तिनं" नाही, तिचं नाव आहे. ते मी लिहीत नाही.

मला सुचलं नव्हतं. बाबा, तुम्ही हे आईसमोर कधी म्हणाला नाहीत, हेडमास्तरांसमोर म्हणाला नाहीत. हयातभर माझ्यासमोर म्हणाला नाहीत. बुधवारी मी शाळेत गेले, तिनं विचारलं, "निघालं का काही?" आणि मी म्हटलं, "नाही. डिस्क गेली." "असू दे," म्हणाली. "तुम्ही प्रयत्न केलात." मग तिनं मुलांना रांगेत बसवलं.

आणि अर्ज अडले. साइट उघडत होती, नाव-गाव भरता येत होतं, पण फोटो चढवायची वेळ आली की चक्र फिरत राहायचं आणि सगळं थांबायचं. सगळ्या चाचण्या बरोबर येत होत्या. छोटी पानं उघडत होती. मी केबल बदलली, कार्ड बदललं, नियम पुसून पुन्हा लिहिले. ती हळूच म्हणाली, "ताई, तेव्हापण असंच व्हायचं. लहान पान यायचं, मोठं अडायचं. सरांनी मग एक ओळ घातली होती. ओळ काही आठवत नाही मला." मी म्हटलं, "तेव्हाची लाइन टेलिफोनच्या तारेची होती. आता फायबर आहे. त्याचा संबंध नाही." ठामपणे म्हटलं. अशा वेळी माझा आवाज तुमच्यासारखा होतो, आई सांगते. बुधवार गेला. गुरुवारची दुपार गेली. एका मुलीची आई दारात उभी होती, चिखलाच्या चपला बाहेर काढून. तिनं विचारलं, "बाय, होईल ना गो? नायतर उद्या हिला घेऊन जात्ये, कामावर तसं सांगून ठेवत्ये." मी तिला "होईल" म्हणाले, आणि मला ते माहीत नव्हतं.

गुरुवारी घरी येऊन मी तुमची फाइल पुन्हा उघडली. पाच वर्षं मी नव्या पोरांना सांगत आलेय, कमेंट वाचू नका, नियम वाचा, यंत्र नियमच वाचतं. आणि मंगळवारी मी स्वतः फक्त कमेंटी वाचल्या होत्या. नावं मोजत बसले होते. गाठोड्याच्या ओळीखाली नियम काय आहे, हे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. तार बदलली तरी जोडणी अजून लॉगिन करूनच मिळते, आणि त्या लॉगिनचं वेष्टण प्रत्येक गाठोड्यात, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, आठ बाइट जागा खातं. माझी गाठोडी आठ बाइटांनी मोठी होती. ती वाटेत कुठंतरी गुपचूप टाकून दिली जात होती आणि मागं निरोपसुद्धा येत नव्हता. आमच्या ऑफिसातल्या वाटा रुंद असतात, मला हे कधी भेटलंच नव्हतं. तुमचा नियम एवढंच करतो: आतला संगणक बाहेरच्याशी बोलायला लागतो त्याच क्षणी दोघांनाही सांगून टाकतो, की तुकडे एवढेच मोठे करा. वाटेत कापाकापी नको. सुरुवातीलाच लहान बांधा.

आईला मी विचारलं, गाठोड्याचं काय होतं? ती कुळीथ निवडत होती. "अगं, त्या पोरीची आई मुंबईला नवऱ्याला तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं पाठवायची. एवढं मोठं गाठोडं घेऊन कंडक्टर घ्यायचा नाही, स्टँडवर उतरवून ठेवायचा. मग ती घरीच दोन लहान बांधायला लागली. त्यावरनं त्या पोरीला काय ते सुचलं आणि सड्यावरनं फोन केलान तिनं. तुझे बाबा तीन आठवडे त्याच्यामागे होते." आणि मग सूप हलवत, माझ्याकडे न बघता, "तू अजून चिडल्येस होय तिच्यावर?" मी म्हटलं, "नाही. कामाचं विचारत होते." "हो का," आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी ती ओळ नव्या यंत्रावर घातली. फोटो चढले. एकामागून एक, चाळीसच्या चाळीस अर्ज दुपारपर्यंत गेले, मामांनी दारात उभं राहून "सरांचीच पोर, वाटलाच होता" असं तीनदा तरी म्हटलं, आणि मी ते तीनदा ऐकून घेतलं. ती पडद्याशी आली. "काय केलंत ताई?" मी म्हटलं, "एक सेटिंग राहिली होती." तिनं ती ओळ वाचली. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. "हीच असणार," ती म्हणाली. मी केबल गुंडाळत होते. तिनं पुढं काही विचारलं नाही. डिस्क गेली असेल तर ओळ कुठून आली, हे विचारण्याइतकी हुशार ती आहे, तुम्हीच तसं ठरवून दिलंय. तिनं मला फणसाची भाजी वाढली आणि तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगत राहिली, जी सारखी उलटे प्रश्न विचारते. सांगताना ती हसत होती, आणि मी जेवत होते.

आज रविवार आहे. उद्या मी शाळेत जाणार आहे, डिस्कमधून थोडं निघालं असं सांगून फाइल देणार आहे. पेन ड्राइव्हवर ती उतरवून ठेवली आहे. तुमच्या ओळी जशाच्या तशा, अकरा ठिकाणी तिचं नाव. खरं सांगायचं तर सकाळी दहा ठिकाणी होतं. गाठोड्याची कमेंट मी काढून टाकली होती. कमेंट काढल्यानं काहीही बिघडत नाही, यंत्राला ती दिसतच नाही. मग जेवण झाल्यावर परत घातली. मग चहाच्या वेळी तुमचं "हे तिनं सांगितलं" ठेवलं आणि "मला सुचलं नव्हतं" एवढंच काढलं, कारण पहिलं तिचं असलं तरी दुसरं तुमचं आहे, आणि तुमचं ते माझं, असा मी युक्तिवाद केला. तो टिकला नाही. आत्ता संपूर्ण ओळ आत आहे. सकाळी गाडीत बसेपर्यंत ती आत राहील, असं मी लिहून देऊ शकत नाही, पण आत्ता आहे.

हे मी कागदावर लिहितेय, लॅपटॉपवर नाही. म्हणजे कुणी शोधलं तरी निघणार नाही. तुमच्यापर्यंत जाणार नाहीच, आणि तिच्यापर्यंत जाऊ नये. मी रागावलेली नाही, हे मी आईला सांगितलं ते खोटं होतं. आणि एक राहिलं. नेटवर्कचं शिक्षण घेऊन, त्याच कामावर पोट भरून, दोन दिवस त्या यंत्रापुढं बसून, बाबा, मलाही सुचलं नव्हतं.